वाशीच्या पेटीतला ‘मसाला’

हापूसच्या पेटीत हात घातला की पेंढ्याखाली, कोपऱ्यात, वर्तमानपत्राची एक पुडी लागायची. सोडून पाहिली तर आत पांढरी भुकटी. पुडी बांधली तेव्हा तिच्यात करडे खडे होते. फळांच्या ओलाव्याने त्यांचा चुना झाला आणि निघालेल्या वायूने हिरवे आंबे दोन-तीन दिवसांत पिवळेधमक झाले. बाजारात याला ‘मसाला’ म्हणत; रसायनशास्त्रात हे कॅल्शियम कार्बाइड. ही पुडी पेटीत कशी शिरली आणि हटायला इतकी वर्षे का लागली, याचा हा मागोवा.

कार्बाइड मुळात फळांसाठी जन्माला आलेच नाही. 1892 मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत वेगळेच काही करू पाहत होता. चुना आणि कोळसा प्रचंड उष्णतेत एकत्र आले आणि हाती आले कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. शुद्ध कार्बाइड किलोभर असेल तर साडेतीनशे लिटरच्या आसपास. या वायूवर खाणकामगारांचे दिवे जळले, सायकलींचे कंदील जळले, पुढे गॅस वेल्डिंग आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले तेव्हा कार्बाइड हा वेल्डिंगवाल्यांच्या रोजच्या वापरातला माल होता. 1898 मध्ये अमेरिकेत हेच रसायन बनवायला एक कंपनी निघाली, युनियन कार्बाइड. भोपाळमध्ये 1984 साली गळला तो मिथाइल आयसोसायनेट. कार्बाइडशी त्याचा संबंध कंपनीच्या नावापुरताच. पण त्या डिसेंबरनंतर ‘कार्बाइड’ हा शब्द आपल्याकडे साध्या कानांनी कोणी ऐकला नाही.

वेल्डिंगच्या टपरीतला हा माल फळांच्या वखारीत गेला तो ॲसिटिलीनमुळे. आंबा पिकतो तो स्वतःच तयार केलेल्या इथिलीन वायूवर. ॲसिटिलीन त्याचा दूरचा भाऊबंद. फळावर तसाच परिणाम करतो, फक्त मात्रा कितीतरी पट जास्त लागते. त्यामुळे साल रंगते आणि आतला गर मागेच राहतो. दिसायला केशरी, चवीला आंबट, वास जवळजवळ नाही. शिवाय बाजारात मिळणारे कार्बाइड शुद्ध नसते. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, आणि पाणी लागले की त्यांचेही विषारी वायू निघतात. कार्बाइडला लसणासारखा उग्र दर्प येतो तो या अशुद्धींचा. पुड्या बांधणारा आणि बंद गाळ्यात पेट्या रचणारा मजूर हे सगळे उघड्या हातांनी, उघड्या नाकाने झेलत होता. कार्बाइडची चर्चा नेहमी खाणाऱ्याच्या पोटाची झाली, हाताळणाऱ्याच्या फुप्फुसांची फारशी झाली नाही, हे मला कायम खटकत आले आहे. त्यात ॲसिटिलीन ज्वालाग्राही. हवेत अडीच टक्के मिसळला तरी ठिणगीची वाट पाहतो. म्हणून तर या मालाच्या साठ्यासाठी 1987 चे स्वतंत्र कॅल्शियम कार्बाइड नियम आहेत.

कोकणातली जुनी रीत वेगळी. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेले फळ झेल्याने देठासकट उतरवायचे, भाताच्या पेंढ्यात आढी घालायची आणि आठ-दहा दिवस वाट पाहायची. पिकल्याची वर्दी वासाने मिळते. पण आढीला जागा लागते, वेळ लागतो आणि मुख्य म्हणजे तयार फळ लागते. बाजाराला या तिन्ही गोष्टींची टंचाई. पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला दर चढा असतो. आंबा मात्र कॅलेंडर पाहून तयार होत नाही. मग दहा-बारा आण्यांचे कोवळे फळ उतरवले जाते. ते आढीत घातले तर सुरकुतते, पिकत नाही. त्याला रंग चढवायला पुडीच हवी.

1996 मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून नवी मुंबईत आला. लोक ‘वाशी मार्केट’ म्हणतात, जागा खरे तर तुर्भ्याची. जागा मोठी झाली, आवक वाढली. ऐन हंगामात दिवसाला लाखभर पेट्या उतरू लागल्या. पुडीही सोबत आली.

कायदा नव्हता असे कोणी म्हणू नये. जुन्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांतल्या 44-एए कलमाने कार्बाइड गॅसने पिकवलेली फळे विकायला बंदी होतीच. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आला, 2011 मध्ये त्याचे विनियम लागू झाले आणि तीच बंदी नव्या शब्दांत आली. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीएचे) छापे पडले, आंबे जप्त झाले, नष्ट झाले, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. फळ पिकवायचे तर बाजारात होतेच. कार्बाइड नको तर काय वापरायचे, याचे परवडणारे उत्तर व्यापाऱ्याच्या हाती बराच काळ कोणी ठेवले नाही.

याच काळातली एक गोष्ट बोलकी आहे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. कारण कार्बाइड नव्हते, फळमाशी होती. त्यानंतर धावपळ झाली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बंदी उठलीही. परदेशी जाणाऱ्या आंब्यासाठी वाशीत कृषी पणन मंडळाकडे बाष्प-उष्णता प्रक्रियेची आणि विकिरणाची सोय आहे. युरोपने दार लावले की यंत्रणा हलते. आपल्याकडे दादरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे पुडीचा आंबा मिळत राहिला.

खरा फरक पडला तो रायपनिंग चेंबरने. बंद, थंड खोली. तापमान वीस अंशांच्या आगेमागे, भरपूर आर्द्रता आणि मोजून सोडलेला इथिलीन. 2016 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शंभर पीपीएमपर्यंत इथिलीनला स्पष्ट परवानगी दिली आणि व्यापाऱ्याला कायदेशीर वाट मिळाली. शंभर पीपीएम म्हणजे हवेच्या दहा हजार भागांत एक भाग. यात विष नाही, स्फोटाची भीती नाही, आणि माल एकसारखा पिकतो. पुडीत माल सडायचा, नासाडी व्हायची. चेंबरचे गणित जमल्यावर मोठ्या व्यापाऱ्यांनी पुडी आपणहून सोडली. छाप्यांनी जे झाले नाही ते हिशेबाने झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुडी नाहीशी मात्र झालेली नाही. मे 2024 मध्ये प्राधिकरणाला व्यापाऱ्यांना पुन्हा इशारा द्यावा लागला. चक्कर, तहान, गिळायला त्रास, उलट्या, त्वचेवर व्रण अशी लक्षणांची यादीच त्यांनी दिली. 2025 मध्ये नवी डोकेदुखी आली. इथिफॉन हे रसायन इथिलीन वायू तयार करण्यापुरते चालते, तर काही जण फळेच त्याच्या द्रावणात बुडवू लागले. त्याच वर्षीच्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढणाऱ्या ‘कार्बाइड गन’ने कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले. एवढे धोक्याचे रसायन पोरांच्या हाती सहज पडते, तिथे फळवाल्याला ते मिळू नये ही अपेक्षा भाबडीच.

आणि चेंबरने एक गोष्ट सोडवलेली नाही. कोवळा आंबा इथिलीनमध्येही कोवळाच राहतो. रंग कायदेशीर येतो इतकेच. तेव्हा पाडव्याला डझनाचा भाव विचारताना घाई आपलीही आहे, हे ध्यानात असू द्या. शक्य असेल तर एप्रिलच्या मध्यानंतर घ्या, हिरवा घ्या आणि घरी पेंढ्यात घाला. पेटीत पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली तर फळे धुऊन खाण्याच्या भानगडीत पडू नका. पेटी पुडीसकट एफडीएच्या कार्यालयात न्या.