मोठा टीव्ही : आधी खोली मोजा, मग पैसे

आम्ही कापडाचे व्यापारी. ताका दुकानातल्या दिव्याखाली पाहून घेत नाही, बाहेर उजेडात नेतो. दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीलाही हीच पारख लावावी.

रिअर प्रोजेक्शन टीव्हीचेच घ्या. पेटीत लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या. त्यांचे चित्र आरशावरून पडद्याच्या मागच्या बाजूस पडे. समोर बसणाऱ्यास चित्र झकास, कडेला बसणाऱ्यास अंधूक. पुढे नळ्यांच्या जागी दिवा आला. तो काही वर्षांनी बदलावा लागे. २०१२ साली मित्सुबिशी या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही हे सेट बंद केले. तेव्हा असा जुना सेट कुणी स्वस्तात देऊ केला, तर दिवा कोठे मिळेल, हे आधी विचारा.

आजच्या सपाट टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. ५५ इंची पडदा सुमारे ४ फूट रुंद असतो. बसायला ७ फूट अंतर बरे. दुकानात कडेला उभे राहून चित्र पाहा. हमीची मुदत पावतीवर लिहून घ्या. स्वस्तातला ताका धुतल्यावर आटला, तर तो महागच पडतो.