मुसाफिरांचा जुना रस्ता

अरबस्तानात कूफा ते मक्का असा चौदाशे किलोमीटरहून लांब एक वाळवंटी रस्ता आहे. त्याचे नाव दर्ब जुबैदा. खलिफा हारून अल-रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी या वाटेवर हाजींसाठी विहिरी खोदल्या, पावसाचे पाणी साठवणारे मोठे दगडी हौद बांधून घेतले, म्हणून हे नाव. इब्न जुबैर ११८४ मध्ये आणि इब्न बतूता १३२६ मध्ये या वाटेने गेले. दोघांनीही आपल्या सफरनाम्यात जुबैदा यांना दुआ दिली आहे. हल्ली हौशी लोक मोटारीने, मुक्काम करत, हे हौद पाहत फिरतात. त्यांचे फोटो वर्गातल्या एका मुलाने मला मोबाईलवर दाखवले आणि विचारले, “सर, आपल्याकडे असा रस्ता नाही का?”

आहे. जामनेरहून बोदवड, मुक्ताईनगरमार्गे नव्वद-शंभर किलोमीटर गेले की बऱ्हाणपूर लागते. तिथून सुरतेपर्यंतचा जुना बादशाही रस्ता आपल्या खान्देशातूनच जातो. टॅव्हर्नियर या फ्रेंच व्यापाऱ्याने सतराव्या शतकात या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवले: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर. नवापूरचा बारीक, सुवासिक तांदूळ त्याला इतका आवडला की त्याचेही वर्णन त्याने केले. बऱ्हाणपूरचे तलम कापड या वाटेने सुरतेला आणि तिथून इराण, तुर्कस्तान, कैरोपर्यंत जाई. हाजीही याच वाटेने जात, कारण मक्केला जाणारी जहाजे सुरतेहून सुटत. खान्देशात वाळवंट नाही. पण मार्च उजाडल्यावर दुपारी मुक्ताईनगरच्या पुढे उभे राहून पाहा, रोजा असेल तर फरक फारसा कळत नाही.

मागच्या रमजानमध्ये मामूंना घेऊन मी हा रस्ता दोन दिवसांत, घाई न करता केला. मामू उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मुक्ताईनगरला ते अजून एदलाबादच म्हणतात आणि दिसेल त्या विहिरीजवळ गाडी थांबवायला लावतात. बोदवडच्या अलीकडे तीन विहिरी पाहिल्या, तिन्ही कचऱ्याने भरलेल्या. चौथ्या वेळी मी गाडी थांबवली नाही.

बऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांची राजधानी. खुलताबादला विसावलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव या शहराला दिले आहे. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, हे आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसते. वर्गात सांगितले की मुले आधी विश्वास ठेवत नाहीत. पण आम्ही गेलो ते खूनी भंडारा पाहायला. नाव भयंकर, वस्तू मात्र पाण्याची. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना ही व्यवस्था झाली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भुयारात अडवायचे, भुयाराला हलका उतार द्यायचा, वर ठरावीक अंतरावर हवा-उजेडासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवायची. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनाने शहराकडे चालत येते. ही इराणची कनात पद्धत. रहीम म्हणजे दोहे लिहिणारे तेच रहीम. पाण्याबद्दल त्यांनी नुसते लिहिले नाही, एका शहराला पाणी पाजले.

जुबैदा यांनीही नुमान खोऱ्यातले पाणी कालव्याने अरफात आणि मक्केकडे नेले होते. ऐन जुबैदा या नावाने ते शेकडो वर्षे वाहत होते. म्हणजे बऱ्हाणपूरचा हाजी खानखानांचे पाणी पिऊन निघे आणि अरफातच्या मैदानात जुबैदांचे पाणी पिई. मधल्या वाटेवर मात्र सगळे देवावर सोडलेले असे. १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून निघाला तेव्हा गुजरात आणि खान्देशात भीषण दुष्काळ होता. वाटेवर प्रेते पडलेली, नंदुरबारला तंबू ठोकायला जागा मिळेना, असे त्याने लिहिले आहे. शाहजहानने बऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबादला लंगर उघडले. लंगर शहरांत होते, माणसे रस्त्यावर मरत होती.

हे वाक्य पुढे रावेरजवळ मला पुन्हा आठवले. मगरिबला पंधरा मिनिटे होती. रस्त्याकडेला केळी भरलेला ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर बाटलीतल्या उरल्यासुरल्या पाण्याने वजू करत होता. मेवातचा माणूस, तिशीतला. माल दिल्लीला न्यायचा. इफ्तारला त्याच्याकडे होती चार केळी आणि तेवढीच बाटली, तीही वजूत संपत आलेली. आम्ही बऱ्हाणपूरहून घेतलेली मावा जिलेबी आणि खजूर काढले, पाण्याचा कॅन काढला. मास्तरकी मामूंच्या अंगातून गेलेली नाही. ते म्हणाले, “बेटा, मुसाफिराला रोजा सोडण्याची सूट आहे. नंतर कजा करता येतो.” तो हसला.

“छूट मालूम है चाचा. पर मैं तो बारह महीने मुसाफिर हूँ. कजा किस महीने में रखूँ?”

मामूंकडे उत्तर होते. कुराणात मुसाफिराला आणि आजाऱ्याला दिलेली सवलत अल्लाहला आपल्यासाठी सोपे हवे म्हणून आहे. नेहमी प्रवासात असणाऱ्यालाही ती आहे, थंडीतल्या लहान दिवसांत घरी असताना त्याने रोजे पूर्ण करावेत, असे उलेमा सांगतात. मामूंनी हे सगळे नीट समजावले. त्याने नीट ऐकले. मग म्हणाला, घरी असतो ते महिन्यातून तीन दिवस, त्यात गाडीचे काम निघते. आणि रमजानात सगळे रोजेदार असताना एकट्याने जेवायचे, हे मनाला पटत नाही. यावर मामू काही बोलले नाहीत. तिघांनी ट्रकच्या सावलीला दस्ती अंथरून नमाज पढली. त्याने आणि आम्ही इशाची कसर, म्हणजे चारऐवजी दोन रकात, ज्याने-त्याने पुढच्या मुक्कामी करायची ठरवली.

आमच्या गावागावांत इफ्तार पार्टीचे बॅनर लागतात. पुढाऱ्यांचे फोटो, टोपी घातलेले हार-तुरे. त्यातही मला वावगे वाटत नाही, एकत्र बसणे चांगलेच. पण तिथे येणारा प्रत्येक जण घरी गेला तरी जेवणारच असतो. सुरत-नागपूर महामार्ग आता चौपदरी झाला, कडेची चिंचेची, निंबाची झाडे गेली, आणि त्यांच्याखालचे माठही गेले. साद बिन उबादा यांनी आईच्या नावाने कोणता सदका करावा, असे विचारले तेव्हा पैगंबरांनी पाणी असे सांगितले आणि त्यांनी विहीर खोदली, हे आपण जुम्म्याच्या बयानात दरवर्षी ऐकतो. विहीर खोदा असे आज कोणी म्हणणार नाही. मगरिबच्या आधी अर्धा तास टोलनाक्यापलीकडे वीस लिटरचे चार जार आणि खजुराचा एक डबा घेऊन उभे राहायला मोहल्ल्यातली चार पोरे पुरतात. थांबणाऱ्या ट्रकमध्ये हिंदू ड्रायव्हर असेल तर त्यालाही तहान असतेच.

त्या रात्री आम्ही नंदुरबारला मुक्काम केला. चोपड्यात सहज चहाला थांबलो, थाळनेरच्या फारुकी कबरी अंधारामुळे राहिल्या, मामू अजून त्यावरून बोलतात. दुसऱ्या दिवशी नवापूरहून सुरत. तिथली मुगल सराय १६४४ च्या सुमारास बांधलेली, हाजी आणि मुसाफिरांसाठी. आज तिच्यात सुरत महानगरपालिकेचे कार्यालय आहे. लोक कागद घेऊन आत-बाहेर करत होते. दारावरच्या माणसाने विचारले, कोणत्या विभागात जायचे? मामू म्हणाले, कुठेच नाही, असर पढायची आहे, वजूला पाणी मिळेल का? त्याने आवारातला नळ दाखवला.