हाकेच्या अंतरावर

२८ नोव्हेंबर १९०५ च्या रात्री अमेरिकेतल्या डुलूथ शहराच्या काठावर हजारो माणसं शेकोट्या पेटवून उभी होती. समोर, बंदराच्या तोंडाशी, ‘मटाफा’ नावाचं ४३० फुटी मालवाहू जहाज मोडून पडलं होतं. भर दुपारी, बघ्यांच्या डोळ्यांदेखत ते धक्क्यावर आपटलं, वाऱ्यानं फिरवलं आणि खडकाळ तळावर बसलं. नाळेकडच्या भागात पंधरा जण अडकले होते, पिछाडीला नऊ. काठावरून दोऱ्या डागून पाहिल्या, पण त्या बर्फानं जड होऊन तुटत होत्या. बचावपथक आधीच दुसऱ्या एका फसलेल्या जहाजाकडे गेलं होतं. ते परत येईपर्यंत लाटा इतक्या माजल्या होत्या की होडी घालणं म्हणजे आणखी काही माणसं घालवणं. काठावरच्यांच्या हाती उरल्या त्या शेकोट्या. तुम्हाला सोडून गेलेलो नाही, एवढं पलीकडच्यांना कळावं म्हणून त्या रात्रभर धगधगत ठेवल्या. सकाळी होडी पोचली तेव्हा पुढचे पंधरा जिवंत होते. मागचे नऊ गारठून गेले होते, काहींना बर्फ फोडून बाहेर काढावं लागलं.

हे सगळं घडलं एका तळ्यात. सुपिरिअर सरोवरात.

‘तळं’ म्हटलं की आपल्यासमोर पायऱ्या, कमळं, ठाण्याची तलावपाळी येते. फार तर उजनीचं पाणी. सुपिरिअरचं क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे. अख्खा कोकण विभाग त्यात अडीच वेळा मावेल. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर पाणी. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर अशी पाच सरोवरं एकमेकांना जोडलेली आहेत आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांत आहे. तिथले खलाशी स्वतः मात्र त्यांना ‘तळी’च म्हणतात. त्या शब्दातल्या घरगुतीपणानं अनेकांचा घात केला असावा, असं मला वाटत आलं आहे.

समुद्रावर वादळ आलं की तांडेल काठापासून दूर पळतो, कारण खोल, मोकळ्या पाण्यात जहाजाला हलायला जागा असते. तळ्यात ती जागा नाही. कुठल्याही दिशेला काही तास गेलं की खडक. शिवाय लाटांची जात वेगळी. महासागराची लाट लांबलचक, तिच्यावर जहाज चढतं आणि उतरतं. तळ्याच्या लाटा आखूड, उभ्या आणि एकीच्या पाठीला दुसरी लागलेल्या. इथली जहाजं पाणदरवाजांतून जावी म्हणून लांब आणि अरुंद बांधलेली, त्यामुळे नाळ एका लाटेवर, पिछाडी दुसरीवर आणि मधला कणा अधांतरी, असा प्रसंग येतो. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारतात, तशी इथली जहाजं जानेवारीत बंदराला लागतात. नोव्हेंबर हा हंगामाचा शेवट. तळ्याचं पाणी अजून कोमट, वरून ध्रुवाकडची थंड हवा उतरलेली, आणि आणखी एक खेप मारायचा मालकाचा हट्ट. या पाण्यावरची सर्वांत वाईट वादळं याच महिन्यातली.

सर्वांत जुन्या बळींपैकी एक मात्र सप्टेंबरातला. १६७९ मध्ये ला साल या फ्रेंच मुशाफिरानं बांधलेलं ‘ग्रिफॉन’ मिशिगन सरोवरातून केसाळ कातडी भरून निघालं आणि पुन्हा कोणाला दिसलं नाही. दर काही वर्षांनी ते सापडल्याची बातमी येते आणि विरते.

‘लेडी एल्गिन’ची हकीकत जास्त छळते. सप्टेंबर १८६०. मिलवॉकीच्या आयरिश वस्तीतली माणसं शिकागोला सहलीला गेली होती आणि रात्री बोटीवर बँड, नाच अशा थाटात परतत होती. पहाटे अडीचच्या सुमाराला ‘ऑगस्टा’ हे शिडाचं जहाज बाजूनं येऊन आदळलं. आपलंच जास्त मोडलं अशा समजुतीनं ऑगस्टा शिकागोकडे निघून गेलं. अर्ध्या तासाच्या आत लेडी एल्गिन तळाला. डेकच्या फळ्यांवर माणसं तरंगत राहिली, बँडमधला एक जण तर आपल्या ढोलाच्या आधारानं. उजाडल्यावर वाऱ्यानं सगळ्यांना काठाकडे आणलं आणि खरा संहार तिथे झाला. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटांनी रात्रभर टिकलेली माणसं शेवटच्या काही वावांत बुडवली. सुमारे ३०० गेले. एडवर्ड स्पेन्सर नावाचा एक विद्यार्थी कमरेला दोर बांधून पुन्हा पुन्हा त्या फेसात शिरत होता. त्यानं १७ जणांना ओढून आणलं असं सांगतात. ग्लानीत तो आजूबाजूच्यांना एकच विचारत होता, मला जमेल तेवढं मी केलं ना?

काठ जवळ असण्याचा उपयोग नाही याचा कळस म्हणजे ‘ईस्टलँड’. २४ जुलै १९१५ ला शिकागो नदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच ही प्रवासी बोट कलंडली. कारखान्याच्या सहलीला निघालेले ८४४ जण सुमारे वीस फूट खोल पाण्यात मेले. बोट आधीचीच डोईजड, त्यात टायटॅनिकनंतरच्या कायद्यापायी नव्या जीवनौका वर चढवलेल्या.

नोव्हेंबर १९१३ च्या चार दिवसांच्या वादळानं बारा जहाजं आणि अडीचशेहून अधिक माणसं नेली, बहुतेक ह्यूरन सरोवरात. बिनतारी यंत्र फार थोड्यांकडे होतं. वादळ ओसरल्यावर पोर्ट ह्यूरनजवळ एक लोखंडी पोट पाण्यावर दिसलं. उलटं तरंगणारं, अनोळखी. ते कुठल्या जहाजाचं यावर गावोगाव तर्क चालले होते, कारण प्रत्येक बंदरात कोणी ना कोणी वाट पाहत होतं. काही दिवसांनी एक पाणबुड्या खाली उतरला आणि त्यानं उलटी अक्षरं वाचली: ‘चार्ल्स एस. प्राइस’. त्यावरचं कोणीही वाचलं नव्हतं.

यातलं ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ तेवढं जगाला ठाऊक आहे, ते मुख्यतः गॉर्डन लाइटफूटच्या १९७६ च्या गाण्यामुळे. ७२९ फुटांचं हे जहाज एका विमा कंपनीच्या मालकीचं होतं आणि तिच्या अध्यक्षाचंच नाव त्याला दिलेलं होतं. विम्याचा धंदा करणाऱ्यांना यावर काय वाटलं असेल कोण जाणे. १० नोव्हेंबर १९७५ ला सुमारे २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन ते वादळातून व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाकडे धावत होतं. रडार बंद पडलेलं. उपसागराच्या तोंडाशी असलेलं दीपगृह आणि रेडिओ संकेत वीज गेल्यामुळे नेमके त्याच रात्री बंद. मागून येणाऱ्या ‘आर्थर अँडरसन’नं संध्याकाळी सात-दहाच्या सुमाराला विचारलं, कसं चाललंय? कप्तान मॅकसोर्लीनं कळवलं, तग धरून आहोत. काही मिनिटांत रडारवरचा ठिपका गेला. आडोसा १७ मैलांवर होता. हाक आली नाही, २९ जणांपैकी एकाचंही शव मिळालं नाही.

मला यातला अँडरसनचा कप्तान जास्त आठवतो. तो त्या वादळातून कसाबसा उपसागरात पोचला होता. तटरक्षक दलाजवळ त्या टापूत शोधाला पाठवण्याजोगं जहाज नव्हतं, म्हणून त्यांनी यालाच विचारलं, परत जाल का? तो गेला.

सुपिरिअरचं पाणी इतकं थंड की शवं कुजून फुगत नाहीत, म्हणून वर येत नाहीत. १९२७ च्या डिसेंबरात बेपत्ता झालेलं ‘कॅमलूप्स’ १९७७ मध्ये आइल रॉयल बेटाजवळ सापडलं तेव्हा यंत्रघरात एक खलाशी पन्नास वर्षं तसाच होता. त्या जहाजाचे काही लोक बेटाच्या काठाला लागले होते. नंतर एका बाटलीत चिठ्ठी मिळाली, जहाजावरच्या स्टुअर्डेसची: मी एकटी उरले आहे, थंडीनं आणि भुकेनं मरते आहे. किनारा मिळूनही ती वाचली नाही.

आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात दैवाचा भाग कमी आणि हावेचा जास्त. २१ मे १९९६ ला ‘बुकोबा’ फेरी मवांझाजवळ उलटली, आठशेहून अधिक गेले. तिचं पालथं पोट पाण्यावर होतं, आत कोंडलेल्या हवेत माणसं जिवंत होती. त्यांना काढायला म्हणून वरून भोक पाडलं. हवा निघून गेली आणि बोट खाली गेली. २० सप्टेंबर २०१८ ला ‘न्येरेरे’ उकारा बेटाच्या धक्क्यापासून फार तर पन्नास मीटरवर कलंडली. क्षमता १०१ उतारूंची, मृत २२८. यावेळी हवेचा कप्पा तसाच राहिला. तिचा इंजिनीअर यंत्राजवळच्या एका खोलीत स्वतःला कोंडून बसला होता. दोन दिवसांनी पाणबुड्यांनी त्याला जिवंत काढलं.

बुकोबाचीच तारीख, २१ मे, पण २०२४. उजनीच्या जलाशयात करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली होडी वळवाच्या वाऱ्यात उलटली. रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून लोक वर्षानुवर्षं असंच जातात. सहा जण गेले, एक पोहत काठाला लागला आणि त्याच्यामुळे गावाला कळलं तरी.

कळणं, हाच शेवटी प्रश्न असतो. १८ नोव्हेंबर १९५८ ला मिशिगन सरोवरात ‘कार्ल ब्रॅडली’ दुभंगलं, तेव्हा पहिला अधिकारी एल्मर फ्लेमिंगला निदान रेडिओवर हाक देता आली. तराफ्यावर चौघे चढले. रात्रभर तराफा उलटत राहिला आणि दर खेपेला पुन्हा चढायचं. सकाळी तटरक्षकांना दोघे मिळाले. ३५ पैकी ३३ गेले. त्यांपैकी २३ रॉजर्स सिटी या एकाच लहानशा गावचे.

आठ वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे, ह्यूरन सरोवरात ‘डॅनियल मॉरेल’च्या बाबतीत तेही झालं नाही. १९०६ चं जहाज, जुन्या ठिसूळ पोलादाचं, हंगामाच्या शेवटच्या खेपेला निघालेलं. सव्वीस वर्षांचा पहारेकरी डेनिस हेल धडाक्यानं जागा झाला. अंगात फक्त आतली चड्डी. वर जीवरक्षक जाकीट आणि एक जाड लोकरी कोट चढवून तो तराफ्याशी आला. विजेच्या तारा तुटल्या होत्या, संदेश गेलाच नव्हता. जहाज मधोमध फाटत होतं, पोलादाच्या कडा घासून ठिणग्या उडत होत्या. पाण्यात फेकला गेल्यावर तो तराफ्यापर्यंत पोचला. तिथे आणखी तिघे. मग अंधारातून दिवे लागलेलं एक जहाज येताना दिसलं. मदत आली असं वाटलं, पण ते त्यांचंच जहाज होतं. मागचा अर्धा भाग, इंजिन चालू, दिवे चालू, नाळेशिवाय वाट कापत चाललेला. पुढे तो नाळेपासून पाच मैलांवर सापडला.

सकाळपर्यंत दोघे गेले, दुपारी तिसराही. हेल त्या तिघांच्या मधे पडून राहिला. तहान लागली म्हणून तो कोटावरचा बर्फ खाऊ लागला, तेव्हा पांढऱ्या केसांच्या एका म्हाताऱ्यानं समोर येऊन तसं करू नको म्हणून दरडावलं, असं तो पुढे सांगत असे. बर्फानं अंगाची ऊब आणखी उतरते हे डॉक्टरही सांगतील. म्हातारा कुठून आला ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तराफा काठाजवळच्या खडकांत येऊन अडकला होता. रात्री हेलला किनाऱ्यावरच्या एका शेतघराचा दिवा दिसत होता. तो ओरडत राहिला. वारा काठाकडून होता की लाटांचा आवाज मोठा होता, कोणास ठाऊक, दिवा तसाच राहिला.

मॉरेलचा संदेश येत नाही याचं कंपनीला नवल वाटलं नव्हतं. रेडिओ बिघडला असेल म्हणून सोडून दिलं होतं. जहाज बेपत्ता असल्याची वर्दी दिली गेली ती ३० नोव्हेंबरच्या दुपारी सव्वाबाराला. चारच्या सुमाराला हेलिकॉप्टरमधल्यांना खडकांत तराफा दिसला. वर चार देह होते. त्यातल्या एकानं हात हलवला.