मृगातली आतषबाजी

नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नाने उरकून आमच्या वाड्यातली मुले अंगणात फटाके उडवीत होती. माझी धाकटी मात्र कानांवर हात ठेवून आकाशाकडे पाहात उभी. दक्षिणेकडे उंच मृग नक्षत्र झळकत होते.

“बाबा, तिथे किती शांत आहे, नाही?”

मला हसू आले. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाखाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो वायू आणि धूळ यांचा अफाट मेघ. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेले ताऱ्यांचे बाळंतघरच म्हणा ना! धुळीआडची बाळे साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. क्ष-किरण मात्र ती धूळ भेदून येतात. पण आपले वातावरण त्यांना अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण १९९९ साली वर गेली. २००३ च्या जानेवारीत तिने या मेघाचे जवळजवळ दहा दिवसांचे निरीक्षण केले आणि क्ष-किरणांचे १,६०० हून अधिक उगम टिपले. बहुतेक सारे कोवळे तारे!

हे तारे बाळपणी वेगाने गरगरतात. त्यांच्या चुंबकीय क्षेत्राला पीळ पडतात, ते पीळ तुटतात आणि कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचे भडके उडतात. आजच्या सूर्यावरील भडक्यांहून कितीतरी पटींनी प्रखर! भोवतालच्या ज्या तबकडीतून पुढे ग्रह घडायचे, तीही या किरणांत भाजून निघते.

“आपला सूर्यही साडेचार अब्ज वर्षांपूर्वी असाच दांडगा होता,” मी म्हणालो, “आणि त्याच धगीत आपली पृथ्वी घडली.”

तिने कानांवरचे हात हळूच काढले आणि माझ्याकडे एक फुलबाजी मागितली.