पहाटे तीनची चूल आणि येसराची पिशवी

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईनं विचारलं, "माझी नणंद पुण्यात असते. ती म्हणे एका रविवारी पंधरा दिवसांचं जेवण करून फ्रीजरमध्ये ठेवते. आपल्याला नाही का जमणार असं काही?" सगळ्याजणी हसल्या. कारण विचारणारी ताई दरसाल दसरा झाला की नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते. कोपीत फ्रीज तर लांबच, धड दिवासुद्धा नसतो. पण हसणं थांबल्यावर आम्हाला वाटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. आजचं बोलणं त्याच्यावरच.

आधी हे फ्रीजरचं प्रकरण काय आहे ते सांगतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००२ साली दोन मैत्रिणींनी 'ड्रीम डिनर्स' नावाचं दुकान काढलं. दुकान म्हणजे मोठं स्वयंपाकघरच. भाज्या चिरलेल्या, मसाले मोजलेले, कृती लिहून लावलेली. बाईनं यायचं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात पिशव्या भरायच्या, वर नाव नि तारीख लिहायची. तास-दोन तासांत दहा-बारा जेवणांची तयारी होते. ती घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवायची आणि लागेल तशी काढून शिजवायची. चिरणं, निवडणं, मोजणं आणि भांडी घासणं दुसऱ्यानं केलेलं असतं. पैसे त्याचेच.

तशी दुकानं पुढे बरीच निघाली. आपल्याला त्यातलं दुकान नको, आणि फ्रीजरही नको. त्यातली युक्ती तेवढी घ्यायची: दमलेल्या वेळेचं काम सवडीच्या वेळी, एकीचं काम दहाजणींनी मिळून करायचं.

आणि दमलेली वेळ कोणती, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही तालुक्यात विचारा. फडावर गेलेली बाई पहाटे तीनला उठते. चूल पेटवायची, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, कोरड्यास करायचं, लेकरांचं वेगळं बांधायचं आणि उजाडायच्या आत फडात उभं राहायचं. दिवसभर मोळ्या बांधायच्या, गाडी आली की रात्रीसुद्धा भरायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर. पण चूल एकटीची. एक दिवस अंग धरलं तर खाडा पडतो नि त्याचे पैसे कापले जातात. म्हणून बाई झोप कापते.

हे सगळं आमच्या आज्यांना ठाऊक होतं. त्यांनी यावर येसर काढून ठेवलं होतं. लग्नघरी येसराची आमटी तुम्ही सगळ्यांनी ओरपली आहे. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरं, लवंग-मिरी असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलं की झालं येसर. उकळत्या फोडणीत घातलं की दहा मिनिटांत पन्नास माणसांची आमटी. शहरात हल्ली 'इन्स्टंट मिक्स' म्हणून पाकीट विकतात, ते दुसरं काय असतं? आपण त्याला लग्नापुरतं ठेवलं, एवढंच.

तर तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, जाणाऱ्या बायांसाठी गावात एकत्र बसून पिशव्या भरायच्या. जाणाऱ्या बाया सामान आणतात, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि एकट्या बाया भाजणं-निवडणं करतात, त्यांना गटातून मजुरी मिळते. एका पिशवीत एका कोयत्याचं एका वेळचं कोरड्यास. भरताना चार प्रकार ठेवले: येसर, पिठल्याचं पीठ, खिचडी आणि चटणी.

पिठल्याचं माप पूर्ण सांगतो, लिहून घ्या. एक किलो बेसन मंद आचेवर कोरडंच भाजायचं, खमंग वास येईपर्यंत. तेल अजिबात नाही, तेलानं पीठ खवट होतं. त्यात साठ ग्रॅम मीठ, चाळीस ग्रॅम तिखट, वीस ग्रॅम जिरेपूड, दहा ग्रॅम हळद आणि पन्नास ग्रॅम वाळवलेला लसूण कुटून. पंच्याहत्तर ग्रॅमची एक पिशवी. कोपीत दोन ग्लास पाणी घ्यायचं, थोड्या गार पाण्यात पीठ आधी कालवायचं, बाकीचं पाणी उकळलं की ओतून हलवायचं. कांदा चिरायचा नाही, लसूण सोलायचा नाही. येसरालाही हाच नियम, आधी गार पाण्यात, नाहीतर गुठळ्या होतात.

खिचडीच्या पिशवीत दीडशे ग्रॅम तांदूळ, पंच्याहत्तर ग्रॅम मुगाची डाळ, सावलीत वाळवलेली मेथी, आणि मीठ-मसाल्याची पुडी वेगळी. ही रात्रीची. गाडी भरून आल्यावर भाकरी थापायचं त्राण कुणात असतं?

आता आमची फजिती ऐका. पहिल्या वर्षी उत्साहात आम्ही भाजलेलं पीठ गरम असतानाच पिशव्यांत भरून बांधून टाकलं. आतल्या वाफेचं पाणी झालं. वरून लसूणही पुरता वाळलेला नव्हता, हाताला मऊ लागत होता, तरी म्हटलं चालतंय. चैत्रात बाया परत आल्या तेव्हा एक काकू थेट आमच्या दारात येऊन उभी. म्हणाली, "अकरा पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. वर पांढरं-हिरवं आलेलं. लेकराला मीठ-भाकर खाऊ घातली त्या दिवशी. तुमच्या भरवशावर मी बेसन नेलंच नव्हतं." आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या अकरा पिशव्यांचे पैसे गटानं परत दिले, पण त्या पहाटेचं काय करणार?

तेव्हापासून नियम कडक केले. भाजलेलं पीठ स्वच्छ कापडावर पसरून पुरतं गार होऊ द्यायचं, घाई नाही. लसूण, कांदा, मेथी हे सगळं चैत्र-वैशाखाच्या उन्हातच वाळवून ठेवायचं; बोटानं मोडलं तर कटकन तुटलं पाहिजे, वाकलं तर ओलं आहे. आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी पिशव्या बांधायच्या नाहीत. पिशवी जाड घ्यायची नि सगळ्या पिशव्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कारण कोपीत उंदीर असतात. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही. दिसत नसली तरी ती आत उतरलेली असते.

भाकरीला मात्र आमच्याकडे उपाय नाही, खोटं कशाला बोलू. पिशव्यांमुळे कोरड्यासाचा वेळ वाचतो, भाकरीचा नाही. ज्वारीची कडक भाकरी सोलापूरकडं करतात तशी पातळ थापून, तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर पापडासारखी वाळवली तर बरेच दिवस टिकते; येसराच्या आमटीत चुरून खाता येते. आठवड्यात दोन पहाटा तेवढ्यानं निभतात. बाजरीचं पीठ मात्र दळून नेऊ नका. बाजरीत तेल असतं, आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं. बाजरी दाण्याचीच न्या आणि तिकडच्या गिरणीत थोडी थोडी दळा. शेंगदाण्याच्या चटणीचंही तसंच, महिन्यापुरतीच न्यायची. पुढची आम्ही दिवाळीनंतर गावाकडून कुणी जाणार असेल त्याच्याकडे देतो.

ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. अंगणवाडीच्या ताई, शाळेच्या बाई, तुम्हीही पहाटे उठताच. पण आपल्याकडची लाईट ध्यानात घ्या. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा खऱ्या फ्रीजरइतका, म्हणजे उणे अठरा अंशांपर्यंत, गार होतोच असं नाही. त्यात आलं-लसणाचं वाटण, सोललेले वाटाणे ठेवा. शिजवलेल्या भाज्या महिनाभर ठेवायच्या भानगडीत पडू नका. मोठा वेगळा फ्रीजर असेल तर लाईट गेल्यावर दार उघडायचं नाही. गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक दिवस गारवा राहतो. पुरतं वितळून कोमट झालेलं टाकून द्यायचं. परत गोठवायचं नाही.

हिशेबाचंही सांगतो, कारण भांडणं तिथंच होतात. पिशवीची किंमत म्हणजे सामान, गिरणी, पिशवी आणि भाजणाऱ्या बाईची मजुरी. मजुरी धरायला बाया लाजतात. "आपल्याच गावच्या आहेत" म्हणतात. म्हातारीनं दिवसभर चुलीपुढं बसायचं आणि ते फुकट कसं? विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी लागते. आणि केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल नि लहान अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवली होती. 'उमेद'च्या ताईंना विचारा.

यंदाही पिशव्या घटस्थापनेच्या आधीच भरायच्या. नवरात्रात अर्ध्याजणी उपवासाच्या, मग मीठ चाखणार कोण? पितृपंधरवड्यात नवं काही करू नये म्हणतात, पण येसर काही नवं नाही. ज्यांची नावं आहेत त्यांनी पोळ्यापर्यंत कळवा किती कोयते नि किती पिशव्या. येताना आपापला पत्र्याचा डबा आणा, झाकण घट्ट बसतं का ते घरूनच बघून या. आणि ज्या काकूच्या अकरा पिशव्या गेल्या होत्या, लसूण पुरता वाळला की नाही हे आता तीच तपासते. तिनं मोडून बघितल्याशिवाय आम्ही एकही पिशवी बांधत नाही.