कामठीचा कोळसा

कन्हानतीरी १८२१ साली इंग्रजी फौजेच्या छावणीसाठी वसविलेल्या कामठीचे नाव भूगर्भशास्त्रात गोंडवनकालीन वालुकाश्माच्या थरास मिळाले. कोळसा मात्र त्याखालच्या बराकर स्तरांत दडलेला असून, त्यावरच सिलेवाड्यासारख्या खाणवस्त्या पोसल्या गेल्या. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या अखत्यारीतील या वस्त्यांत, जेथे भाकरी थापण्याची वेळसुद्धा पाळीच ठरविते, रात्रपाळीचा कामगार टोपीवरचा दिवा बत्तीघरात जमा करून उजाडता परततो. दुर्गम म्हणावे तर नागपूर हाकेच्या अंतरावर. तरीही तेलनगरी दिग्बोईप्रमाणेच घर, पाणी, दवाखाना ही सारी कंपनीच्या दप्तरातूनच मिळतात आणि निवृत्तीनंतर, परसातला आंबा नुकता फळू लागलेला असला तरी, क्वार्टर मुकाट्याने खाली करावे लागते.