मॉरिशस : उसाच्या बेटावरची प्रेक्षणीय स्थळे

गटाच्या बैठकीला आलो की लागण, खत, पाणी आणि तोडीची पाळी यापलीकडे आपलं बोलणं जात नाही. आज जरा समुद्रापार जाऊ. हिंदी महासागरात आफ्रिकेच्या बाजूला मॉरिशस हे बेट आहे. आकाराने सांगली जिल्ह्याच्या पावपटही नाही. निळं पाणी आणि पांढरी वाळू पाहायला जगभरचे पाहुणे तिथे जातात. पण किनारा सोडून आत वळलं की दिसतो तो ऊस.

हा ऊस डचांनी १६३९ साली जावा बेटावरून नेला. पुढे फ्रेंच, मग इंग्रज आले. राबायला आधी आफ्रिकेतले गुलाम होते. नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा उभ्या कड्याचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपत. २००८ साली तो जागतिक वारसा ठरला. लोक खालच्या किनाऱ्यावर फोटो काढून परततात, पण खरं पाहण्यासारखं वर आहे.

गुलामी उठत आली तशी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. तिथल्या सोळा पायऱ्या चढून ही माणसं बेटावर आली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर आले. काही तिथूनच दुसऱ्या वसाहतींत गेले. मुंबईहून गेलेले आपले कोकणातले लोकही त्यांत होते. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, झाकरी नाचतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

ज्वालामुखीची जमीन, त्यामुळे रानात काळा दगड फार. तो मजुरांनी हातांनी वेचला. आपण बांधाला ताल घालतो. तिथे उसाच्या मधोमध देवळाच्या शिखराएवढे ढीग रचलेत. त्यांना तिकीट नाही, पाटी नाही. मला विचाराल तर पाहुण्याने गाडी थांबवून आधी हे बघावं.

दक्षिणेकडे शामारेलला सात रंगांची माती आहे. दगड कुजून लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचे हे रंग. गवताचं पातं उगवत नाही. मातीपरीक्षणाला पाठवायचंही कारण नाही! उत्तरेला पांप्लमूसची जुनी बाग आहे, परातीसारख्या पानांची कमळं तिथली. शेजारीच बो प्लाँचा साखर कारखाना. १९९९ साली तो बंद पडला, २००२ पासून तिथे साखरेचं संग्रहालय आहे. यंत्रं जागेवर आहेत, गव्हाण मात्र कायमची रिकामी.

ही गोष्ट आपल्या कामाची आहे. १८५८ च्या सुमारास या बेटावर अडीचशेच्या वर कारखाने होते, आता तीन राहिलेत. युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा भाव ३६ टक्के उतरवला. लहान बागायतदाराला ऊस परवडेना. कुठे रान पडीक पडलं, कुठे बंगले आणि गोल्फची मैदानं झाली. पाहुण्याला हिरवं बेट हवं असतं, पण ते हिरवं कोण ठेवतो, हे हॉटेलच्या बिलात कुठे लिहिलेलं नसतं.

२५ जुलै २०२० रोजी आग्नेय किनाऱ्यावर ‘वाकाशियो’ हे जहाज प्रवाळावर चढलं. पुढे सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. जवळच गुलाबी पारव्यांसाठी राखलेलं इल ओ झेग्रेत हे बेट. १९९० च्या सुमारास हे पारवे रानात दहाएकच उरले होते, माणसांनी जपून ते शेकड्यांवर नेले. तेल पसरताच लोक कापडाच्या लांब पिशव्या शिवायला बसले आणि त्यांत भरलं काय, तर उसाचं पाचट! तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या. सगळं तेल अडलं नाही, पण पुष्कळ अडलं. आपल्याकडे तोड झाली की पाचटाला काडी लावणाऱ्यांनी हे वाचावं. (नावं मला ठाऊक आहेत.)

जायचं झालं तर तिथला गळीत हंगाम साधारण जून ते डिसेंबर, म्हणजे आपला बॉयलर थंड असतो तेव्हा. जानेवारी ते मार्च वादळाचे दिवस, ते टाळावेत. फिरायला जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. बो प्लाँला गुळासारख्या रंगाची साखर चाखायला देतात. कुणी गेलंच तर एक पुडी शेतकी खात्यासाठी आणावी.